ऑस्करची एकादशी

परवा आमच्या सुनेनं तिच्या मांजरासाठी दुकानातून एक गोठवलेलं पाकीट आणलं. कच्ची कोंबडी, हाडांसकट दळलेली. तिनं कात्रीनं कोपरा कापला, बशीत गोळा काढला आणि फोनवर बोलत बोलत निघून गेली. हातसुद्धा धुतले नाहीत. मी ओट्याशी तशीच उभी राहिलेली पाहून परत आली आणि म्हणाली, "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, काही नाही. एक बाई हेच काम थरथर कापत करायची आणि कापत कापत रोज करायची, हे तिला उभ्या उभ्या कसं सांगणार?

त्या बाई म्हणजे वत्सलाताई मोघे.

ऐंशीच्या दशकात आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. कोलंबसच्या बाहेर मक्याची शेतं हटवून नवी टाउनहाउसं उठत होती, त्यांतलंच एक आमचं. आमची आणि वत्सलाताईंची एक भिंत सामाईक होती. त्या पन्नाशीच्या, मूळच्या सांगलीच्या. मोघेकाका दोन वर्षांपूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. कोलंबसच्या एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्या जंतू तपासायच्या कामाला होत्या. रोग्याच्या घशातलं, जखमेतलं, शौचातलं काय काय नमुन्याला यायचं, त्यात कोणते जंतू वाढतात ते काचेच्या बश्यांवर पाहायचं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंकडे त्या एकाच नजरेनं बघायच्या. या वस्तूवर काय वाढत असेल?

माझ्या आयुष्यात मी इतकं घाबरट माणूस दुसरं पाहिलेलं नाही. त्यांना लिफ्टची भीती वाटायची. कपडे वाळवायच्या मशीनची वाटायची, ते पेट घेईल म्हणून. मशीन चालू असेपर्यंत त्या समोर खुर्ची टाकून बसायच्या. फोन वाजला की छातीवर हात जायचा. गाडी चालवताना डावीकडे वळायची त्यांना इतकी धास्ती होती की समोरून येणाऱ्या गाड्यांना छेदून जायला नको म्हणून त्या तीनदा उजवीकडे वळून, अख्ख्या वस्तीला प्रदक्षिणा घालून, हव्या त्या रस्त्याला लागायच्या. माझा नवरा अरुण त्यांना चिडवायचा, "वत्सलाताई, तुम्ही भारतात परत कशा जाणार? विमानाला डावीकडे वळावं लागेल." त्या हसायच्या नाहीत. गंभीरपणे विचार करायच्या आणि म्हणायच्या, "ते पायलट बघेल. त्याला पगार असतो."

पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. घाबरून त्यांनी एखादं काम टाळलं, असं सहसा घडत नसे. भीती वाटतेय हे त्या तोंडानं मोठ्यांदा सांगायच्या आणि लगेच कामाला लागायच्या. "भीती तर वाटतेच गं. आधी हात धू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तेव्हा त्याचा राग यायचा. मी स्वतःला मोठी धीट समजत होते ना.

त्यांच्या घरात फेरेट आले ते असे. त्यांच्या प्रयोगशाळेतली डोना कॅलिफोर्नियाला बदलून गेली. तिकडे फेरेट पाळायला कायद्यानं बंदी. डोनाकडे दोन होते. मुंगसासारखे लांबुळके, आखूड पायांवर पाठीची कमान करून पळणारे, डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा. जायच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेत रडत बसली. एकेकानं सांत्वन केलं आणि एकेक जण सटकला. वत्सलाताईंना सटकायचं जमलं नाही. संध्याकाळी त्या पिंजरा घेऊन आमच्या दारात उभ्या. चेहरा पांढराफटक.

"सुलभा, हे चावतात का गं?"

"मला काय माहीत? तुम्ही घेतलेत कशाला?"

"ती रडत होती," त्या म्हणाल्या. एवढंच कारण.

मादीचं नाव डेझी, नराचं ऑस्कर. डेझी जाडजूड आणि बिनधास्त. ऑस्कर किडकिडीत, थोडा म्हातारा, आवाज झाला की सोफ्याखाली. वत्सलाताईंचं आणि त्याचं गोत्र एकच. महिन्याभरात तो त्यांच्या स्वेटरच्या बाहीत शिरून झोपायला लागला. त्या हात न हलवता तासन्‌तास बसायच्या. "हात बधिर झालाय," असं मला खुणेनं सांगायच्या.

दोघांना खायला मांजराचं कोरडं खाद्य. किबल म्हणतात त्याला. खडखडीत तपकिरी गोळ्या. वाटीत ओतायच्या आणि विसरून जायचं. शुद्ध शाकाहारी घराला यापेक्षा सोयीचं काय असणार? वत्सलाताईंच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. पण त्या हिवाळ्यात ऑस्कर झडायला लागला. शेपटीचे केस गेले, पाठीचे मणके बोटांना लागायला लागले, पोट सारखं बिघडलेलं. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा फेरेट पाहिलेले डॉक्टरच कमी. त्यांनी पुस्तक उघडलं, बंद केलं आणि मांजराचं दुसरं खाद्य द्या म्हणून सांगितलं. ते देऊनही फरक पडला नाही.

डोनानं जाताना तिच्या चुलत्याचा नंबर दिलेला होता. या म्हाताऱ्यानं ओहायोच्या उत्तरेला जन्मभर मिंक पाळलेले, फेरेटच्याच कुळातलं जनावर. वत्सलाताईंनी त्याला विचारायचे पाच प्रश्न कागदावर लिहून काढले. पहिल्या दिवशी फोन केलाच नाही. दुसऱ्या दिवशी मला शेजारी बसवून नंबर फिरवला. तो माणूस कमी बोलणारा. मांसावर जगणारं जनावर आहे बाई, तो म्हणाला, गोळ्या कसल्या घालता? कच्ची कोंबडी द्या, हाडांसकट दळून. तीन प्रश्न झाले. मग तो जरा वेळ गप्प राहिला, आणि या बाईंनी घाबरून "थँक्यू, थँक्यू" म्हणत फोन ठेवून दिला.

"अहो, दोन राहिले की!"

"तो चिडला वाटतं."

"चिडला नाही हो, पुढच्या प्रश्नाची वाट बघत होता."

"राहू दे. परत कोण करणार?" त्यांनी कागदाची घडी करून डब्याखाली ठेवली. चौथा प्रश्न मी वाचला होता: "त्यांनी खाल्लं नाही तर काय करायचं?"

कच्ची कोंबडी! सोवळ्यात वाढलेल्या बाईला त्याची किळस वाटणं मी समजू शकत होते. मी गिरगावातली, मासे खाऊन वाढलेली. मला त्याचं काही नव्हतं. पण वत्सलाताईंची भीती वेगळीच होती. कच्च्या कोंबडीवर काय असतं हे त्या रोज बश्यांवर वाढलेलं बघत होत्या. "साल्मोनेला म्हणजे काय चीज आहे तुला माहीत नाही," त्या म्हणायच्या. "ते दिसत नाही. ओट्यावर बसतं, नळाला बसतं, दाराच्या मुठीला बसतं. तू मूठ धरतेस, जेवायला बसतेस, झालं!" त्यांनी ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी, मासे खाणारी, घरी जाऊन सगळ्या मुठी पुसून काढल्या.

तरी त्यांनी ठरवलं. कोंबडी मी आणायची. कपडे धुवायच्या खोलीत एक घडीचं टेबल मांडलं, त्याला हातानं फिरवायचं दळणयंत्र बसवलं. सुरी वेगळी, वाट्या वेगळ्या, ब्लीचची बादली. आणि एक जुना निळा गाऊन. त्यांच्या आईकडे पूजेच्या वेळी नेसायचं सोवळं खुंटीवर असायचं, त्याला कुणी शिवायचं नाही. यांनी खुंटीवर ओवळं लावलं. तो गाऊन घालायचा, तोंडाला मास्क, हातात मोजे, मग कोंबडीला हात. काम झालं की गाऊन गरम पाण्यात, आणि बाईसाहेब डोक्यावरून अंघोळ करून हॉलमध्ये. भर जानेवारीत दिवसातून दोनदा न्हाऊन त्यांना सर्दी झाली. मी म्हटलं, "वत्सलाताई, जंतू राहिले बाजूला, तुम्हीच न्यूमोनियानं जाल."

पहिल्या दिवशी यंत्राचा दांडा फिरवताना त्यांचे डोळे मिटलेले होते. हाड मोडल्याचा आवाज आला तशा त्या ओरडल्या. मीही ओरडले. खरं सांगायचं तर तो आवाज मलाही ऐकवला नाही. आम्ही तुकडे करून आणलेलं खाणारे. दोघी जणी यंत्रापासून दोन पावलं मागे उभ्या. मग त्यांनी नाक ओढलं, म्हणाल्या, "चल, अजून अर्धी आहे," आणि परत दांडा धरला.

त्यांच्या या सावधगिरीपायी एकदा प्रयोगशाळेत तमाशा झाला. ओटा, नळ, वाटी, ऑस्करची मिशी, सगळीकडून कापसाच्या काडीनं नमुने घेऊन त्या जेवणाच्या सुट्टीत तपासायच्या. वरिष्ठांची परवानगी मागायला भीती वाटली, न विचारता करायलाही भीती वाटली. शेवटी न विचारता केलं, पण खोटं लिहायची छाती होईना. म्हणून नमुन्यावर रीतसर नाव घातलं: ऑस्कर मोघे. वरिष्ठ बाईंनी बशी हातात घेऊन विचारलं, "वत्सला, हू इज ऑस्कर?" यांनी मान खाली घातली. म्हणाल्या, "ही लिव्ह्ज विथ मी." पुढे शब्दच फुटेना. आठवडाभर अख्खी प्रयोगशाळा त्यांच्याकडे कौतुकानं बघत होती. खुलासा करायलाही त्यांना तितके दिवस धीर झाला नाही.

बशीवर वाईट काही वाढलं नव्हतं. पण कोंबडी खात होती ती एकटी डेझी. तिनं पहिल्याच दिवशी हुंगलं आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. ऑस्करनं ढुंकूनही पाहिलं नाही. वाटीवर मागच्या पायांनी माती उकरल्यासारखं करायचा आणि जाऊन किबलच्या जुन्या जागेशी बसायचा. त्याला मांस दिलं की तो वाट बघायचा, आणि त्याची केविलवाणी नजर बघून वत्सलाताई मूठभर गोळ्या टाकायच्या. असे दहा दिवस गेले. तो आणखी वाळला.

आणि मग आली एकादशी.

त्या दर एकादशीला उपास करायच्या. शिवाय कुणाचं पोट बिघडलं, ताप आला, की त्यांच्या घरचा पहिला उपाय लंघन. आपल्या सगळ्यांकडेच तो असतो. माझी आईही हेच करायची. पोटाला विश्रांती द्यायची, कडकडून भूक लागली की माणूस समोर येईल ते खातो. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी किबलची वाटी उचलली आणि मला म्हणाल्या, "उद्या एकादशी. एक दिवस लंघन पडलं की मुकाट्यानं खाईल बघ. मीसुद्धा निर्जळी करणार आहे. उगाच त्याच्यावर अन्याय नको." मी हसले. मलाही ते पटलं होतं, हे इथे कबूल केलं पाहिजे. दोघींपैकी एकीच्याही मनात शंका आली नाही.

शनिवारी चारच्या सुमाराला भिंतीवर धपाधप थापा बसल्या. मी तशीच पायात काही न घालता बर्फातून त्यांच्या दारी गेले.

ऑस्कर स्वयंपाकघराच्या फरशीवर होता. मागचे दोन्ही पाय फरफटत होते, पुढच्या पायांनी तो स्वतःचं तोंड ओरबाडत होता. लाळ गळत होती. डोळे उघडे, पण त्यांत बघणं नव्हतं. वत्सलाताई त्याच्याशेजारी गुडघ्यांवर, आणि त्यांचा आवाज चमत्कारिक झाला होता. "सुलभा, तो मला ओळखत नाहीये." मी एवढी धीट, पण दाराच्या चौकटीला धरून नुसती उभी राहिले. मला वाटलं, हा आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार.

त्या उठल्या. भिंतीवरच्या फोनचा नंबर फिरवताना बोट तीनदा चुकलं. म्हाताऱ्यानं फोन उचलला आणि या बाईंनी एका दमात चौथा प्रश्न विचारला. पलीकडून तो इतक्या मोठ्यानं बोलला की मला दारापर्यंत ऐकू आलं. या जनावराच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत निघून जातं. याला उपाशी ठेवायचं नसतं, कधीच नाही. लहानपणापासून जे खाल्लं तेच याला अन्न वाटतं. नवं समोर असलं तरी हा उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. साखर, मध, काय असेल ते हिरड्यांना लाव. आत्ता. फोन ठेव!

त्यांनी मधाची बाटली काढली. त्या क्षणी मोजे नाहीत, मास्क नाही, काही नाही. उघडं बोट मधात बुडवून त्या लाळेनं भरलेल्या तोंडात घातलं आणि हिरड्यांवर चोळायला लागल्या. तो कचकन चावला. रक्त आलं. त्यांनी बोट काढलं नाही. पुन्हा मध, पुन्हा बोट. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याच्या गळ्याशी गिळल्यासारखी एक हालचाल झाली, आणि वत्सलाताई म्हणाल्या, "गाडीची किल्ली घे."

गाडी त्याच चालवणार. मला तेव्हा येत नव्हती. ऑस्कर टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर. त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं जोरात धावत होतं की ते थांबेल या भीतीनं मी हात काढून घेत नव्हते. डॉक्टरचा दवाखाना डाव्या हाताच्या रस्त्यावर. मला वाटलं, आज तरी ही बाई डावीकडे वळेल. नाही वळली. उजवीकडे घेतलं, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. मी किंचाळले, "वत्सलाताई, काय करताय? तो मरेल!" त्या समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "मला आत्ता काही दिसत नाहीये नीट. एकाला वाचवायला जाताना तिघं मेलो तर?" तेव्हा मला कळलं, त्या रडत होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं खाणं कधी? काल संध्याकाळी आठ वाजता, त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, पण का? घरात अन्न नव्हतं? वत्सलाताईंनी इंग्रजीत एकादशी सांगायचा प्रयत्न केला. चंद्राचा अकरावा दिवस, देवाचा दिवस, आम्ही जेवत नाही, मीसुद्धा जेवले नाही. डॉक्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. मग ऑस्करला आत घेऊन गेले.

बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. त्यांच्या बोटाला टॉवेलाचं टोक गुंडाळलेलं. माझ्याकडे न बघता त्या बोलायला लागल्या.

"माझा धाकटा भाऊ होता. बाळू. अडीच वर्षांचा. जुलाब लागले. घरातले म्हणाले, पोटाला विश्रांती द्या, पाणीसुद्धा देऊ नका. वैद्यही तेच म्हणाला. तेव्हा असंच करायचे. मला त्याच्याजवळ बसवलं होतं. मी आठ वर्षांची. त्यानं कोनाड्यातल्या तांब्याकडे बोट दाखवलं. बोलायची ताकद नव्हती, नुसतं बोट. मला द्यावंसं वाटलं गं. पण मोठी माणसं मारतील अशी भीती वाटली. मी नाही दिलं."

मी त्यांच्या बोटाभोवतीचं टॉवेलाचं टोक पुन्हा घट्ट केलं.

"म्हणून मी हे शिकले," त्या म्हणाल्या. "जुलाब कशानं होतात, माणूस कशानं मरतो. पाणी गेल्यानं मरतो, साखर गेल्यानं मरतो. मला सगळं माहीत आहे, सुलभा. वीस वर्षं माहीत आहे. आणि मी काय केलं बघ. तेच केलं."

त्या दिवशी ऑस्कर वाचला. सलाइननं साखर भरल्यावर तासाभरात त्यानं डोळे फिरवले आणि टॉवेलात तोंड खुपसलं. डॉक्टरांनी परत देताना बजावलं, याला दर चार तासांनी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, आणि पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही.

मला वाटलं, आता वत्सलाताई किबलवर परत जातील. मी तसं म्हटलंही, "कॅन्सल करा ते मांस. जगला ना? पुरे." पण किबल खाऊनच तो झडत होता, हेही खरं होतं. वत्सलाताईंनी म्हाताऱ्याला पुन्हा फोन केला. या वेळी कागदावर अकरा प्रश्न होते आणि अकराही विचारले. मी लिहून घेत होते.

मग सुरू झालं ते काम मी विसरणार नाही. किबलच्या गोळ्या कुटायच्या, गरम पाण्यात कालवायच्या, त्यात चिमूटभर दळलेली कोंबडी. बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावायची. तो चाटायचा, कारण ओठाला लागलेलं चाटावंच लागतं. चार दिवसांनी दोन चिमटी. मग तीन. कधी जास्त झालं की त्याला वास कळायचा, तो तोंड फिरवायचा, की परत मागे जायचं. दर चार तासांनी. जेवणाच्या सुट्टीत त्या हॉस्पिटलातून घरी यायच्या, तीनदा उजवीकडे वळून. वहीत तारीख, वेळ, किती चाटलं, शी कशी झाली, वजन. वजनाचा काटा खाली सरकला की त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. आणि हे सगळं उघड्या बोटानं. मोज्याच्या वासानं तो तोंड लावत नाही असं दिसल्यावर त्यांनी मोजे काढून टाकले. भीती गेली म्हणावं, तर तसंही नाही. बोट त्याच्या तोंडाशी नेताना दर वेळी त्यांच्या कपाळावर घाम यायचा. बोटावर चावल्याच्या चार खुणा होत्या. नंतर त्या बोट पाच-पाच मिनिटं धुवायच्या.

त्या एकादशीपासून त्यांचे उपासही बंद झाले. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझं पित्त वाढतं."

दीड महिन्यानं वाटीत सगळं मांसच उरलं, किबलची नुसती पूड वर. पण तो अजून बोटावरूनच खायचा. वाटी समोर ठेवली की मागे सरकायचा. "मला काही झालं तर?" त्या म्हणायच्या. "मला गाडीनं उडवलं तर? कोण याला बोट देणार? तो आपणहून खाईल तेव्हाच मी म्हणेन की वाचला." ही त्यांची नवी भीती. ही मात्र मला कधी हास्यास्पद वाटली नाही.

त्याच वसंतात अरुणला बॉथेलला नोकरी लागली, पार पश्चिमेच्या टोकाला. सामान ट्रकमध्ये चढलं. शेवटच्या सकाळी मी डब्यात बेसनाचे लाडू घेतले आणि त्यांच्याकडे निघाले. समोरच्या दारानं न जाता नेहमीप्रमाणे मागच्या अंगणातून गेले, काचेच्या दाराशी.

आत वत्सलाताई फरशीवर बसल्या होत्या, निळा गाऊन घालून. त्यांच्यापासून चार हातांवर वाटी, आणि वाटीत ऑस्करचं तोंड. बोट नव्हतं. वत्सलाताईंचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट अडकवलेले. त्यानं न दळता ठेवलेला कोंबडीचा पंख बाहेर ओढला, एक पाय त्यावर रोवला आणि मान वाकडी करून दाढेखाली धरला. हाड मोडल्याचा आवाज काचेतून मलाही ऐकू आला. म्हाताऱ्यानं शेवटी अख्खा पंख द्यायला सांगितलं होतं, आणि हाड घशात अडकेल म्हणून त्यांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं. आता त्यांचा चेहरा पार उतरलेला, ओठ हलत होते. पण त्या जागच्या हलल्या नाहीत आणि डोळेही मिटले नाहीत.

माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान न वळवता एक हात वर केला. पंजा माझ्याकडे. तिथंच थांब.

मी थांबले. पुढच्या रस्त्यावरून अरुणनं हॉर्न दिला. ऑस्करनं डोकं वर काढलं, कान टवकारले, एक पाय मागे घेतला. वत्सलाताईंचा पंजा हवेत तसाच होता. मग त्यानं पुन्हा मान खाली घातली.

दुसरा हॉर्न वाजायच्या आत मला पोचायला हवं होतं. मी डबा पायरीवर ठेवला, झाकणाचाही आवाज होऊ दिला नाही, आणि गवतावरून अरुणकडे धावत सुटले.